हजेरी

माझ्या पणज्यावर कुठल्याही कोर्टात चोरीचा खटला चालला नाही. साक्षीदार उभे राहिले नाहीत, पंचनामा झाला नाही, कुणी शिक्षा सुनावली नाही. तरी त्याच्या दहाही बोटांचे ठसे सरकारदरबारी होते, रोज ठरल्या वेळी त्याला हजेरी द्यावी लागे आणि आयुष्याची शेवटची वर्षं त्याने सोलापुरात तारेच्या कुंपणाआड काढली. तो जन्मला त्याच्या कितीतरी आधी, १८७१ साली, तो कोण निघणार हे एका कायद्याने ठरवून ठेवलं होतं.

आम्ही कैकाडी. तुराट्या, निरगुडीचे आणि तरवडाचे फोक आणायचे, त्यांच्या पाट्या, डाली, कणग्या विणायच्या, गाढवांवर बिऱ्हाड लादायचं आणि पुढच्या गावाची वाट धरायची. आजी सांगे तेव्हा तिचे हात आपोआप चालू लागत. आधी बूड बांधून घ्यायचं, मग उभ्या काड्या वर वळवायच्या आणि आडवा फोक एक आत एक बाहेर घालत काठापर्यंत यायचं. फोक ओला असेतो वाकतो, वाळला की मोडतो. म्हणून आणलेल्या दिवशीच विणायला बसावं लागे, मग पोटात काही असो नसो. सुगीला शेतकऱ्याच्या दारात आमची कणगी लागायची, तिच्यात त्याचं वर्षाचं धान्य राहायचं. ज्यांच्या हातच्या कणगीवर भरवसा, त्या हातांवर मात्र नाही, हे आजीला म्हातारपणापर्यंत उमगलं नाही. मलाही ते अजून उमगलेलं नाही.

१८७१च्या कायद्यामागचा विचार थोडक्यात असा होता, की हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर, तसा चोराचा मुलगा चोरच. जातीला धंदा असतो, तसा काही जातींचा धंदा गुन्हा हाच. सत्तावन्नच्या उठावानंतर सरकारला एका जागी न थांबणाऱ्या माणसांची धास्ती होती. मीठ वाहणारे, बैल हाकणारे, टोपल्या विणणारे, शिकार करणारे, खेळ करणारे असे सगळे फिरस्ते त्या एका नजरेखाली आले. कायदा आधी उत्तरेत लागला. १९११ साली तो सुधारला आणि मुंबई, मद्रास इलाख्यांपर्यंत पोचला. १९२४ साली पुन्हा एकदा सगळं एकत्र करून घट्ट केलं. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्या जाहीरनाम्याला कुठल्याही कोर्टात आव्हान देता येत नसे. नोंद झालेला माणूस संशयास्पद जागी सापडला, तो चोरी करणारच होता असं कोर्टाला वाटलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा जन्मठेप काळ्या पाण्याची. इतर जातीच्या माणसाला हे कलम लागत नसे.

ही कलमं मी मोठेपणी वाचली. लहानपणी ती गोष्टींच्या रूपात कानावर आली होती.

पणज्याच्या गोष्टीत पाटील असायचा. गावात पाल ठोकायच्या आधी त्याच्या वाड्यावर जायचं, किती बाप्ये, किती बाया, किती पोरं, किती गाढवं हे सांगायचं आणि वहीत लिहून घ्यायचं. सूर्य मावळला की बाप्यांनी पुन्हा वाड्यासमोर रांगेत बसायचं. नाव पुकारलं की ‘हाजर’ म्हणायचं. मध्यरात्रीनंतरही कधी जागल्या येऊन पालात कंदील घाली. झोपलेल्या माणसांची डोकी मोजून जाई. आजी म्हणायची, “आमी पोरं वाकळंत तोंड घालून पडायचो. आमचीबी मोजदाद व्हायची. आईच्या प्वाटातलं तेवढं मोजायचं ऱ्हायचं.” चार गावं पलीकडे कुणाची शेळी गेली तरी पोलीस आधी पालात येत. मग बाप्ये ठाण्यात, बाया ठाण्याबाहेर आणि फोक वाळून मोडायला आलेले.

कोल्हापूरच्या हद्दीत जायला पणज्याला आवडे. छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरडांची हजेरी बंद केली होती. महाराजांनी फासेपारध्यांना जवळ केलं, त्यांना पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या, ही वार्ता पालापालांतून फिरली होती. ज्यांना बाकीचं राज्य चोर म्हणत होतं त्यांच्या हाती राजाने पहारा दिला. एका माणसाच्या मनात आलं तर हजेरी बंद होऊ शकते, हे त्या काळच्या फिरस्त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे ती चालू ठेवणाऱ्यांनाही ती बंद करता आली असती. शाहू महाराजांबद्दल बोलताना आमच्या घरात आवाज आजही बदलतो.

मग सोलापूर. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना एका जागी डांबण्यासाठी मुंबई सरकारने वसाहती काढल्या. सोलापूर, बारामती, विजापूर, हुबळी, गदग अशा ठिकाणी. सोलापूरची वसाहत मोठी. सुरुवातीला तिचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे होता. कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट, मांग-गारुडी, भामटा अशा कितीतरी जमातींचे लोक तिथे आणले गेले. सगळ्यांचं नाव एकच पडलं, सेटलमेंटवाले.

आजी तिथे आली तेव्हा सहा-सात वर्षांची होती. तिला सगळ्यांत जास्त आठवे ती शाई. एका टेबलामागे शिपाई बसलेला, समोर काळी पाटी. त्याने तिच्या वडिलांचा हात मनगटाला धरला आणि एकेक बोट आधी पाटीवर, मग कागदावर लोळवलं. अंगठा, तर्जनी, मधलं, करंगळीपर्यंत. मग दुसरा हात. मग चारी बोटं एकदम. पणजा उंच माणूस होता, टेबलाशी त्याला वाकून उभं राहावं लागलं. बोट स्वतःहून टेकवायला गेला तर शिपायाने हात झटकला, ‘ढिलं सोड’ म्हणून ओरडला. संध्याकाळी भाकरी पुढे आली तेव्हा त्याने चुलीतली राख घेतली, हात घासला, पुन्हा घासला. नखांच्या कडेची शाई निघाली नाही. त्या रात्री तो डाव्या हाताने जेवायला गेला, पण डावा हातही काळाच होता. मग पणजीने भाकरी मोडून त्याला भरवली. आजी हे सांगताना रडायची नाही. एवढंच म्हणायची, “बापाला लाज वाटली ती त्याच्या कामाची न्हवती. दुसऱ्यानं घातल्याली हुती.”

वसाहतीत दिवस भोंग्याने आणि घंटेने चाले. पहाटे हजेरी, मग रांगेने गिरणीत. सोलापूरच्या गिरण्यांना मजूर हवे होते आणि तारेच्या आत पळून न जाणारे मजूर होते. या दोन गोष्टी एकमेकींना किती सोयीच्या होत्या, हे सरकारी अहवालांत सुधारणेच्या भाषेत लिहिलेलं सापडतं. संध्याकाळी परत हजेरी. पगारातून कापून जाणारं वेगळं. बाहेर जायचं तर पास, आणि पासावर गाव, कारण, परतीची वेळ. वागणूक चांगली दिसली, काही वर्षं नोंदीत डाग पडला नाही, तर तारेबाहेरच्या फ्री कॉलनीत घर मिळे. तिथे तार नव्हती, नजर होती. आजही सोलापुरात पत्ता सांगताना आम्ही ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ आणि पुढे नंबर असंच सांगतो. रिक्षावाल्याला त्यात काही वाटत नाही. भाड्याने खोली देणाऱ्याला मात्र अजून वाटतं.

या वसाहतींचे वरिष्ठ अधिकारी स्टार्ट साहेब. त्यांच्याबद्दल म्हाताऱ्यांचं एकमत कधी झालं नाही. काही जण म्हणत, साहेब भला होता, पोरांना शाळेत बसवलं. काही जण नाव काढलं की उठून जात. याच स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई सरकारने १९२८ साली दलित आणि आदिवासींच्या स्थितीचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तिच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्कर बाप्पा होते. १९३० साली अहवाल आला आणि त्यातून मागासवर्गीयांसाठी सरकारी खातं उभं राहिलं. म्हणजे एकाच माणसाच्या हाताखाली तारेची वसाहतही चालली आणि शिष्यवृत्त्यांची शिफारसही झाली. इतिहासाने अशी गाठ मारली की ती एका ओढीत सुटत नाही. मी ती जबरदस्तीने सोडवू पाहत नाही. आजीसुद्धा पाहत नसे. ती म्हणायची, “तारंच्या आत भाकर हुती पोरी, खोटं कशाला बोलू? पालात चार दिस चूल पेटायची न्हाई, हितं रोज पेटायची. पर दाराची कडी भाईरनं हुती.”

भाकरीचा हिशेब मांडून कडीचं समर्थन करणारे लोक मी पुढे पुष्कळ पाहिले. सुशिक्षित, सुस्वभावी. त्यांना म्हणायचं असतं की हेतू चांगला होता. ज्याच्या दाराला बाहेरून कडी आहे त्याला आतल्या चुलीची किंमत सांगणं हे मला आजही सहन होत नाही. चूल पेटवायला कडी लागत नाही. कोल्हापुरात ती कडीशिवाय पेटली होती.

आजीची थोरली बहीण तारेबाहेर दिली होती, मोहोळकडे सीनेच्या काठी. ती बाळंतपणात अडली. निरोप आला तेव्हा आजीचं नुकतंच लग्न झालेलं. आज्याने पास काढला, दोघं गेली. पोचली तेव्हा बहीण गेलेली होती. माती झाली, आणि रात्रीत सीनेला पाणी आलं. अलीकडचा माणूस अलीकडे, पलीकडचा पलीकडे. पासावरची वेळ उलटली. पाणी उतरल्यावर दोघं धावत परत आली, गेटवर पूर सांगितला, सीनेला पूर आला हे आख्ख्या सोलापूरला ठाऊक होतं. आज्याला आत टाकलं. काही आठवडे. मेलेल्या बहिणीचं दहावं-तेरावं राहिलंच, नवराही आत गेला. आजी त्या दिवसांत एकटी गिरणीत जात होती, कारण खाडा झाला असता तर तोही नोंदीत पडला असता.

याच कायद्यात आईबापांपासून मुलं वेगळी काढायची तरतूद होती. सहा ते अठरा वर्षांच्या पोरांना सुधारगृहात, उद्योगशाळेत ठेवता येई, म्हणजे जन्मतः आलेला गुन्हा संगतीने वाढणार नाही. आजीचा धाकटा भाऊ, आमचे मामाआजोबा, असे बोर्डिंगात गेले. परत आले ते शुद्ध मराठी बोलत आणि कैकाडी विसरून. पणजी त्यांच्याशी कैकाडीत बोले, ते मराठीत उत्तर देत. शेवटपर्यंत मायलेकांचं बोलणं असं दोन भाषांत चाललं. पण बोर्डिंगाने त्यांना एक गोष्ट दिली, अर्ज लिहिता येणं. वळणदार अक्षर, डाव्या बाजूला मोकळी जागा, वर तारीख, खाली सही. वसाहतीतल्या निम्म्या लोकांचे अर्ज त्यांनी लिहिले. पास वाढवून मिळण्याबाबत, पगार कापल्याबाबत, मुलगा भेटण्याबाबत. उत्तर क्वचितच येई. ते पुन्हा लिहीत, मागच्या अर्जाची तारीख घालून.

बाहेर हळूहळू कायद्याविरुद्ध बोललं जाऊ लागलं होतं. १९३६ साली पंडित नेहरूंनी नेल्लोरला या कायद्यावर जाहीर टीका केली. १९३७ साली मुंबईत काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, कन्हैयालाल मुनशींच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. मद्रास इलाख्यात तर त्याआधीच, १९२० साली, पेरुंगामनल्लूर गावच्या कळ्ळर लोकांनी बोटांचे ठसे द्यायला नकार दिला आणि पोलिसांच्या गोळ्या खाल्ल्या. एक बाईही त्यात गेली. मदुराईजवळच्या त्या गावाचं नाव आमच्या म्हाताऱ्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मी वाचलं तेव्हा पणज्याचा वाकलेला खांदा आठवला, जो मी पाहिलेलाही नाही.

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या पहिल्या कलमात आधी फक्त पुरुषांचा उल्लेख होता. भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांनी आग्रह धरून तो सर्व मानवांसाठी करून घेतला. मला याचा अभिमान वाटतो. जन्मावरून कुणात भेद करू नये, या बाजूने भारताने मत दिलं त्या दिवशी सोलापुरात पहाटेची हजेरी झाली होती, संध्याकाळचीही झाली. हंसाबेन स्वतः मुंबईच्या विधिमंडळात बसलेल्या. मी हे कुणाचा दोष म्हणून लिहीत नाही. हक्काची वाक्यं लिहिली जातात त्या खोलीपासून ती ज्यांच्यासाठी असतात त्यांच्या दारापर्यंत रस्ता फार लांब असतो, आणि त्या रस्त्यावर मामाआजोबांसारखे अर्ज लिहिणारे लागतात.

मुंबई राज्याने १९४९ साली कायदा रद्द केला. देशभर तो संपायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला, संविधान लागू झाल्यानंतरची अडीच वर्षं उलटून. म्हणून ३१ ऑगस्ट आम्ही विमुक्त दिन पाळतो. आमच्याकडे कायदा गेला तरी तार लगेच गेली नाही. पंडित नेहरू सोलापुरात आले आणि त्यांच्या हस्ते तार तोडली, ही १९६० सालची आठवण वस्तीत अजून सांगतात. प्रत्येकाचा आजा त्या दिवशी पहिल्या रांगेत उभा होता.

माझ्या आज्याची सुटकेची गोष्ट मात्र तारेची नाही, वारीची आहे. पास लागेनासा झाल्यावर आलेल्या पहिल्या आषाढीला तो पंढरपूरला निघाला. पायी. कुणाला सांगून नाही, कुणाला विचारून नाही. साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठोबाचं देऊळ अस्पृश्यांना १९४७ साली उघडलं होतं, आणि आपल्या जातीतल्या कैकाडी महाराजांचं नाव पंढरपुरात मोठं होतं, एवढं त्याला ठाऊक. वाटेत एका गावी मुक्काम पडला. देवळाच्या ओट्यावर पडशी टेकली तोच पाटलाचा माणूस आला, कोण रे, कुठला? आज्याने नाव सांगितलं, सोलापूर सांगितलं. पाटलाने वही मागवली. कायदा रद्द झाल्याचं त्या पाटलाला ठाऊक होतं की नव्हतं, कोण जाणे. वही तीच, पूर्वीची. आजा म्हणाला, “आता नाव लिवायचं न्हाई.” पाटील म्हणाला, “का न्हाई? तुमी कैकाडी न्हवं?” आजा रात्रीतून उठून पुढे चालू लागला आणि थेट चंद्रभागेला जाऊन थांबला. हा प्रसंग तो हसत सांगायचा. मला त्यात हसण्यासारखं कधी काही दिसलं नाही. कायद्याची पुस्तकं मुंबईला बदलली होती. गावच्या वहीचं पान कुणी फाडलं नव्हतं, आणि त्या पाटलाच्या डोक्यातलं तर कोण फाडणार?

माझ्या वाट्याला आलेलं यापुढे किरकोळ आहे, पण त्याच वहीतलं. पाचवी-सहावीत असेन. वर्गातल्या एका मुलीची कंपासपेटी हरवली. बाईंनी सेटलमेंटच्या आम्हा तिघींना उभं केलं, दप्तरं उलटी करायला लावली. फरशीवर माझ्या वह्या, खडूचा तुकडा, फडक्यातली भाकरी. बाकीचा वर्ग बसून पाहत होता. कंपासपेटी नंतर तिच्याच घरी सापडली. बाई काही बोलल्या नाहीत, त्यांना बोलण्यासारखं काही घडलंय असं वाटलंच नसावं. घरी मी रडले तेव्हा वडील गप्प बसले. मामाआजोबांनी चष्मा लावला, कागद घेतला. ‘माननीय मुख्याध्यापक यांस’ अशी सुरुवात करून त्यांनी एवढंच मागितलं की झडती घ्यायची असेल तर सर्व मुलींची घ्यावी, आणि तिघींचीच का घेतली याचं कारण लेखी कळवावं. कारण लेखी आलं नाही. कारण लिहिता येण्याजोगं नव्हतंच. पण पुढे शाळेत कधीच आम्हाला तसं उभं केलं नाही. भेदभाव करणाऱ्याला त्याचं कारण कागदावर मागणं, हे शस्त्र मी त्या म्हाताऱ्याकडून शिकले आणि आजपर्यंत वापरते.

१९८० साली लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आलं. आमच्याच जातीचा माणूस, आमचीच गाढवं, आमचेच फोक, छापील पुस्तकात. मामाआजोबा रात्री ओट्यावर बसून वाचून दाखवत, वस्ती गोळा होई. आजी सगळं ऐकून म्हणाली, “समदं खरं लिवलंय. ह्याला भ्या वाटलं न्हाई?” पुढे १९८७ला लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ आलं. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सन्मान झाला, सत्कार झाले. ठाण्यातली यादी तशीच राहिली.

कारण जातीची नोंदवही गेली तरी तिच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९चा. कागदावर तो व्यक्तीला लागतो, जातीला नाही. व्यवहारात कुठे घरफोडी झाली की जीप कुठल्या वस्तीकडे वळते, हे सोलापूरच्या कुठल्याही शाळकरी पोराला विचारा. २००७ साली वंशभेद निर्मूलनासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने भारताला हे कायदे रद्द करायला सांगितलं. माझ्या चुलत भावाला लग्नाच्या वरातीतून उचललं होतं, मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाच्या शेजारून. दोन दिवसांनी सोडलं. गुन्हा काय, ते कळलं नाही. कागद नाही, नोंद नाही, म्हणून तक्रारीलाही जागा नाही.

त्यातही एक वेदना वेगळी आहे. विदर्भातला कैकाडी अनुसूचित जातीत धरला जातो, उरलेल्या महाराष्ट्रातला विमुक्त जातीत. अकोल्यात माझ्या मावसबहिणीला कुणी जातीवरून छळलं तर १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण आहे. सोलापुरात मला नाही. जात एक, देव एक, सोयरीक एकमेकांत. जिल्ह्याची हद्द ओलांडली की अपमानाचं वजन कायद्याच्या तराजूत बदलतं. ही क्षेत्रमर्यादा उठवा, अशी मागणी माझ्या जन्माआधीपासून चालू आहे. निवडणुकीआधी प्रत्येक पक्षाचा माणूस ती भाषणात घेतो.

आणि जातीचा दाखला. विमुक्त जातीच्या पडताळणीला २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचा पुरावा लागतो. गाढवावर बिऱ्हाड घेऊन हिंडणाऱ्याचा त्या आधीचा पुरावा कुठून यायचा? सातबारा नाही, घरपट्टी नाही, जन्माची नोंद नाही. माझ्या भाच्याला वकिलीच्या प्रवेशाच्या वेळी हा प्रश्न आला. आम्ही शोध शोध शोधलं. शेवटी नोंद सापडली ती सेटलमेंटच्या शाळेत, मामाआजोबांच्या नावापुढे. विद्यार्थ्याचं नाव, बापाचं नाव, जात. बारीक लाल रेघांचा कागद, कडा कुरतडलेल्या, शाई तपकिरी झालेली. ज्या व्यवस्थेने त्या पोराला आईपासून तोडलं, तिच्याच कागदावर आज त्याच्या पणतवाचा हक्क उभा होता. भाचा म्हणाला, “मावशी, फोटो काढू?” मी नको म्हटलं. मग म्हटलं काढ. आपल्याकडे दुसरं आहेच काय.

तोच भाचा आज सोलापूर कोर्टात वकिली करतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांमध्ये कैद्यांची कामं जातीवरून वाटणारे नियम घटनाबाह्य ठरवले. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. विमुक्त जमातींच्या लोकांना पोलिसांनी मनमानीने अटक करू नये, हेही स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात दुसऱ्या एका खटल्यात न्यायालयाने राज्यांना बजावलं होतं, की मागास समाजांतल्या निरपराध माणसांची नावं ठाण्याच्या गुन्हेगारी नोंदींत केवळ जन्मामुळे ओढली जाऊ नयेत. ऑक्टोबरचा तो निकाल इंग्रजीत, दीडशेच्या आसपास पानांचा. भाच्याने आमच्यासाठी त्याचा मराठी गोषवारा केला आणि गेल्या विमुक्त दिनाला फ्री कॉलनीतल्या समाजमंदिरात तो वाचायचं ठरवलं.

हारतुरे नेहमीचेच झाले, भाषणं झाली. मग त्याने वाचायला घेतलं. कलम १४, १५, १७, २१. तुरुंगाच्या नियमावल्यांतली वाक्यं त्याने जशीच्या तशी सांगितली तेव्हा मागची तरुण पोरंही मोबाइल ठेवून ऐकू लागली. वाचन संपल्यावर पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठली. तिचा नातू दोनदा उचलला गेला होता. तिने विचारलं, “जेलातली जात खोडली, ब्येस झालं. आमच्या ठाण्यातल्या वहीत माझ्या नातवाचं नाव कशानं गेलं, त्ये कोन सांगनार?”

भाच्याकडे तिला द्यायला उत्तर नव्हतं, पण विचारायचं कुठे हे त्याला ठाऊक होतं. माहितीच्या अधिकाराचा नमुना त्याच रात्री तयार झाला. प्रश्न तीनच ठेवले. माझं नाव आपल्या ठाण्याच्या कोणत्या नोंदीत आहे काय? असल्यास कोणत्या गुन्ह्याच्या, कोणत्या तारखेच्या आधारावर? ती नोंद शेवटची कधी तपासली आणि कुणी? नमुन्यात जातीचा उल्लेख घालायचा की नाही, यावर बराच वेळ वाद झाला. पोरांचं म्हणणं, घालू नये, ओळख दिली की डोळ्यांवर येतो. म्हातारी म्हणाली, त्यांना ठाऊकच आहे, लपवून काय करता. शेवटी ज्याचं त्याने ठरवावं असं झालं.

सगळ्यांनी सह्या केल्या नाहीत. एक जण म्हणाला, विचारायला गेलं की नसलेलं नावही लिहून घेतील. त्याची भीती खोटी म्हणायची माझी छाती नाही, त्याच्या भावाचं काय झालं ते मी पाहिलंय. तो गेला, कुणी त्याला अडवलं नाही. उरलेले अर्ज माझ्या बहिणीने गोळा केले, प्रत्येकाच्या मागच्या बाजूला पोच घेण्यासाठी जागा सोडली आहे की नाही ते पाहिलं, दहा-दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावले. ठाण्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. नाही दिलं तर पहिलं अपील कुणाच्या नावाने करायचं हेही ठरवून घेतलं. म्हातारी म्हणाली, माझ्या. भाच्याने तिला समजावलं की वरिष्ठ अधिकाऱ्यासमोर सुनावणीला जावं लागेल, खाली बसायलाही मिळेल न मिळेल. तिने विचारलं, “तारीख कळवत्यात का?” तो म्हणाला, लेखी कळवतात. मग लिही, असं म्हणून तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं, बापाचंही, आणि पत्ता, सेटलमेंट फ्री कॉलनी.